छत्तीस भोकांची मोटर

माझ्या काळ्या सायकलच्या (बावीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं) पुढच्या रिमला आऱ्यांची भोकं ३२, मागच्या रिमला ४०, आणि ती विजेवर चालवायला मी ऑनलाइन मागवलेल्या मोटरला ३६. म्हणजे नेमकं मधोमध, ना इकडचं ना तिकडचं. मी कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढायच्या हाच पोटापाण्याचा धंदा, आणि स्वतःच्या सायकलचे आरे मोजायचे राहिले. चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, रुंदी व्हर्नियरनं घेतली होती, एक्सलची खाच घेतली होती, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर कुठे बसेल त्याचा पुठ्ठ्याचा साचासुद्धा कापून ठेवला होता. पण भोकं मोजायची असतात हे डोक्यातच आलं नाही, कारण आपण धरून चालतो की सायकलचं चाक म्हणजे चाक.

आधी हे कशाला केलं ते सांगतो. घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, कंपनी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. राजमहाल रोडनं लालबाग, तिथून रेल्वेवरचा पूल चढायचा, मांजलपूर आणि मग जीआयडीसी, जाऊनयेऊन पंधरा-सोळा किलोमीटर. इतकी वर्षं सायकलनंच जातोय आणि कधी जड गेलं नाही, पण पन्नाशी उलटली आणि डावा गुडघा त्या पुलावर बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले सायकल सोडू नका, फक्त चढावर जोर लावू नका. आता बडोद्यात चढ म्हणजे पूलच, दुसरा चढ आहेच कुठे! त्यात मे महिन्यात दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, सेकंड शिफ्टला पोचेपर्यंत शर्ट पिळून घ्यावा असा. हिचं म्हणणं सरळ होतं, "अहो, एक ॲक्टिवा घेऊन टाका, किती दिवस दामटणार ते डबडं." पण मला सायकल सोडायचीच नव्हती. मांडवीच्या गर्दीतून सायकल हातात धरून चालत नेता येते, स्कूटर नेऊन दाखवा.

तर २०२४ च्या फेब्रुवारीत किट मागवलं. ३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी), कंट्रोलर, थ्रॉटल (मुठीनं पिळायचा), पेडल असिस्टचा सेन्सर (पाय मारले की मोटर मदतीला येते तो), ब्रेकचे लिव्हर, छोटा डिस्प्ले, सगळं मिळून ९,८००. मोटर पुढच्या चाकाची घेतली कारण मागच्या बाजूला जागाच नव्हती. २५० वॅटच का, तर केंद्राच्या मोटर वाहन नियमांत तशी तरतूद आहे: मोटरची ताकद पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक नीट आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर, एवढं असलं की ते मोटर वाहन धरत नाहीत. म्हणजे नंबर प्लेट नको, लायसन नको. कंपनीतले पोरं ५०० नाहीतर ७५० वॅट घ्या म्हणत होते, पण त्या मोटरनं माझ्या या नळीच्या सायकलचं काय होईल ते मला दिसत होतं.

मोटर आली, हातात घेतली तर जवळजवळ तीन किलो. घेऊन गेलो रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या चाचांकडे. हे चाचा फक्त चाकं बांधतात आणि आउट काढतात, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करतात, पंक्चरसुद्धा घेत नाहीत. मोटर बघून पहिला प्रश्न, "साहब, ये हब है के ढोलक?" मग बोटानं भोकं मोजली, माझ्या रिमकडे बघितलं, आणि काही न बोलता दोन्ही माझ्या हातात परत ठेवली. मी म्हणलं चार भोकं मोकळी सोडून बांधा की. म्हणाले बांधून देतो, पण पैसे घेणार नाही आणि नावही माझं सांगायचं नाही. बत्तीस-चाळीस ही आपल्या काळ्या सायकलींची जुनी इंग्लिश पद्धत, पुढे बत्तीस, मागे चाळीस, आणि त्या अठ्ठावीस इंची मापात छत्तीस भोकांची रिम मी सगळीकडे शोधली, नाही मिळाली. सव्वीस इंची टाकावी तर रॉड ब्रेकची रबरं रिमपर्यंत पोचतच नाहीत.

शेवटी जिन्याखाली लावून ठेवलेली मुलाची सायकल काढली. तो कॅनडाला गेल्यापासून तिच्यावर कांद्याची पोती ठेवलेली असायची. सव्वीस इंची, रिमला छत्तीस भोकं, व्ही ब्रेक. फक्त तिला पुढे शॉकअपवाला चिमटा होता, स्वस्तातला, आणि त्यात हब मोटर लावायची हिंमत मला झाली नाही. त्या शॉकअपच्या खालच्या टोकाला एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच सायकलचं वजन पेलायला केलेली असते, एक्सलची पिळवट पेलायला नाही. साधा लोखंडी चिमटा टाकला, साडेतीनशे रुपये. (ही साडेतीनशे रुपयांची अक्कल आली, पण तिच्या पुढची आली नाही, ते खाली येईलच.)

चाक बांधताना मी तिथेच स्टुलावर बसून होतो, शनिवारची अख्खी सकाळ. किटबरोबर आलेले आरे १२ गेजचे, जाडजूड, त्यांचे निपल, म्हणजे आरा रिमला आवळणाऱ्या टोप्या, रिमच्या भोकातून जाईनात. रिमची भोकं मोठी करूया म्हणलं तर चाचांनी मान हलवली, ॲल्युमिनियमची पातळ रिम, भोक वाढवलं की चीर पडणार. मग त्यांनी साधे १४ गेजचे आरे काढले. पण मोटरचा घेर एवढा मोठा की नेहमीचा आरा पाच-सहा सेंटिमीटर लांब पडतो. एकेक आरा कापायचा, टोक कानशीवर दोनदा फिरवायचं, डायमध्ये धरून आटे पाडायचे, तेलाचा थेंब, आणि बोटानं निपल चढतंय का बघायचं. छत्तीस वेळा. एकही आरा त्यांनी पट्टीवर मोजला नाही, पहिला मोजला तेवढाच, बाकीचे त्याला चिकटवून अंगठ्यानं. मी नंतर घरी येऊन चोरून दहा आरे मोजले, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आमच्या कंपनीत लाखांच्या मशीनवर एवढं येत नाही कधीकधी. क्रॉस, म्हणजे आऱ्याला आरा ओलांडणं, एकच टाकला, कारण हब मोठा असला की तीन क्रॉसमध्ये आरा निपलपाशी वाकतो. मग आउट काढून झाल्यावर चाक फिरवलं आणि आऱ्यांवरून नख ओढलं, सगळ्या आऱ्यांचा आवाज एकसारखा. मजुरी किती तर अडीचशे. मी खुशीनं पाचशे दिले, त्यातले पन्नास परत करून म्हणाले नाश्ता करा.

बॅटरीचा विषय वेगळाच. कोपऱ्यावरचा इन्व्हर्टरवाला म्हणाला तीन लेड ॲसिड लावा, बारा-बारा व्होल्टच्या, स्वस्तात होईल. हो, पण एकेक चार किलोची, म्हणजे बारा किलो सायकलवर लादून मग ती ओढायला मोटर लावायची! कंपनीतला एक जण जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवून देत होता, त्याला हात जोडले. शेवटी तयार लिथियम आयनचा पॅक घेतला, ३६ व्होल्ट १० अँपिअर अवर, आत चाळीस सेल, दहाच्या ओळी चार, सेल सांभाळणाऱ्या सर्किटसकट (बीएमएस), ११,५०० रुपये, वजन अडीच किलो. फुल चार्ज झाला की ४२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. चार्जर दोन अँपिअरचा, रिकामी बॅटरी भरायला पाच-साडेपाच तास लागतात. मी रात्री झोपताना कधी लावत नाही, संध्याकाळी आलो की ओट्यावर, डोळ्यासमोर, आणि बॅटरीखाली फरशी, पुस्तकं नाहीत की सतरंजी नाही. पिशवी एका सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनची शिवून घेतली, एकशे ऐंशी रुपये, मधल्या त्रिकोणात फिट्ट बसते आणि काढायला दोन पट्टे.

वायरिंगचं लोक उगाच घाबरवतात. कनेक्टर रंगावरून जुळवायचे, बाणाला बाण लावून दाबायचे, झालं, शाळेतलं पोर करेल. अर्ध्या तासात सगळं जोडलं. पेडल असिस्टचा सेन्सर म्हणजे क्रँकच्या एक्सलवर एक प्लॅस्टिकची चकती, तिच्यात बारा चुंबक, आणि शेजारी एक डोळा. चकती फिरली की कंट्रोलरला कळतं की बाबा पाय मारतोय. मी ती चकती उलटी बसवली. रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात सगळे जमले, शेजारची मनीषाबेन, तिची दोन पोरं, वरचे आजोबा, मी ऐटीत पाय मारले, काही नाही. परत मारले, काही नाही. पोरगं विचारतंय, "काका, आमां पेट्रोल क्यां नाखवानुं?" वैतागून मी पाय उलटे फिरवले आणि सायकल सुर्रकन तुळशीवृंदावनाकडे निघाली! हिनं आतून बघितलं आणि पदर तोंडाला लावून परत आत गेली. त्यानंतर आठवडाभर कोणी मला सरळ सायकल चालवायला सांगायचं सोडत नव्हतं. चकती उलटी करायला क्रँक पुलर लागतो, तो आणायला सोमवार उजाडला.

दुसरी गोष्ट मी आळसानं सोडली ती ब्रेकचे लिव्हर. किटमधल्या लिव्हरना वायर असते, ब्रेक दाबला की मोटर बंद. मला वाटलं जुने लिव्हर चांगले आहेत, कशाला बदलायचे. आता कसंय, पाय थांबवले तरी पेडल असिस्टची मोटर पाऊण-एक सेकंद ओढतच राहते, मोकळ्या रस्त्यावर कळतसुद्धा नाही. न्यायमंदिराजवळच्या गर्दीत मात्र कळलं, मी ब्रेक दाबलेला आणि सायकल पुढे ढकलतीये, थेट केळ्यांच्या लारीला जाऊन टेकलो. दोन डझन केळी विकत घ्यावी लागली आणि वर त्याचं ऐकून घेतलं, बरोबरच होतं त्याचं. त्याच संध्याकाळी लिव्हर बदलले.

होळीच्या आधी सायकल रस्त्यावर आली आणि खरं सांगतो, पहिले तीन आठवडे मी लहान पोरासारखा चालवत होतो. लालबागचा पूल असिस्ट दोनवर, म्हणजे मोटरच्या मदतीच्या दुसऱ्या पायरीवर, पाय नुसते फिरवत, घाम नाही, गुडघा गप्प. वर पोचल्यावर खालून एखादी मालगाडी जात असली तर थांबून बघायला पण वेळ.

एप्रिलच्या मध्यावर त्याच पुलावर, मागे कॅरिअरवर दहा किलो गहू दळून घेतलेले, मी थ्रॉटल पूर्ण पिळला. खट्ट असा आवाज झाला, हँडल हातात थरथरलं, चाक एकदा अडखळलं आणि मोटर बंद. उतरून बघतो तर एक्सल खाचेत फिरलेला, मोटरची केबल एक्सलभोवती दोन वेढे गुंडाळलेली, वरचं आवरण सोललेलं, तांबं दिसतंय. चाक बाहेर पडलं नाही एवढंच, कारण दातेरी वायसर कसेबसे अडकून होते. पडलं असतं तर मागून येणाऱ्या बसखाली मी आणि गव्हाचं पीठ.

यात मोटरचा दोष शून्य, माझाच शंभर टक्के. या मोटरचा एक्सल गोल नसतो, दोन बाजूंनी चपटा, माप १० मिलिमीटर, आणि चिमट्याची खाच त्याहून लहान होती म्हणून मी ती कानशीनं वाढवली. वाढवता वाढवता हात जास्त चालला आणि खाच १०.४ झाली. मोजलं होतं मी! व्हर्नियरवर बघितलं, म्हणलं चार दशांशानं काय होतंय, नट आवळला की झालं. कंपनीत दुसऱ्या कोणी असं म्हणलं असतं तर मी तो लॉट रिजेक्ट केला असता. मोटर चाकाला जेवढ्या जोरानं पुढे फिरवते तेवढ्याच जोरानं एक्सलला मागे पिळते, आणि त्या एक्सलला धरून ठेवायला फक्त या खाचेच्या दोन कडा. मोटरची पिळवट पस्तीस न्यूटन मीटर धरली आणि दहा मिलिमीटरवर विभागले तर साडेतीनशे किलोच्या आसपास भार येतो, ढोबळ हिशेब, पण हा हिशेब मी पुलावरून सायकल ढकलत घरी येताना केला, आधी करायला हवा होता.

केबल बदलायला मोटर उघडावी लागते, कारण ती पोकळ एक्सलमधून आत जाते. तीन जाड वायरी, पिवळी, हिरवी, निळी, आणि सहा बारीक, त्यातल्या पाच हॉल सेन्सरच्या, म्हणजे मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरच्या. मी फोटो काढून ठेवले आणि एका रिवाइंडिंगवाल्याकडून नवीन केबल डाग लावून घेतली, ८५० रुपये. तो जोडताना हिरवी-निळी बदलली गेली आणि मोटर जागच्या जागी थडथडायला लागली, चाक पुढे ना मागे. परत डाग सोडवले, परत लावले.

मग टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला खाचेत फिरू न देणारी पट्टी. हा तुकडा किटबरोबर यायलाच हवा, माझ्या किटमध्ये नव्हता आणि मी विचारलाही नाही. जीआयडीसीत आमच्या शेजारच्या शेडमध्ये वायरकटचं (तारेनं धातू अचूक कापायचं) मशीन आहे, तिथल्या ओळखीच्या ऑपरेटरला ड्रॉइंग दिलं, सहा मिलिमीटर जाड स्टीलची पट्टी, एका टोकाला एक्सलची खाच १०.०५, दुसरं टोक चिमट्याच्या नळीला क्लॅम्पनं बांधायचं. एक नाही, दोन, दोन्ही बाजूंना. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन चकचकीत तुकडे कागदात गुंडाळून दिले. एक्सलवर चढवताना हातानं जाईना, लाकडी हातोडीनं हलकेच ठोकावं लागलं, तेव्हा जिवात जीव आला. मोबदला दोन प्लेट सेव उसळ, तर्री जास्त. तेव्हापासून दर रविवारी त्या दोन नटांवर पान्हा फिरतोच, हात धुण्याआधी.

आणि मग ऑगस्ट. बडोद्याच्या लोकांना २०२४ चा ऑगस्ट सांगायला नको. गोकुळाष्टमीला मी सायकलवर समाला ताईकडे गेलो होतो, पाऊस काही थांबेना म्हणून सायकल तिच्याच पार्किंगमध्ये ठेवून भाच्याच्या गाडीतून घरी आलो. बॅटरीची पिशवी मात्र सवयीनं काढून खांद्याला लावली, एवढी एक गोष्ट आयुष्यात बरोबर केली. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि ताईच्या पार्किंगमध्ये दोन दिवस छातीइतकं पाणी. पाणी उतरल्यावरसुद्धा कोणी खाली जाईना, कारण मगरी. आमच्या नदीत मगरी आहेत आणि पूर आला की त्या सोसायट्यांमध्ये चक्कर मारून जातात. भाच्यानं टॉर्च मारून, काठी आपटून सगळे कोपरे बघितले आणि मगच मला फोन केला, "मामा, मगर नाहीये, पण तुझी सायकल पण ओळखू येत नाहीये."

चिखलानं लिंपलेली होती. कंट्रोलर गेला, त्याच्यातून चहासारखं पाणी निघालं. डिस्प्ले वाचला, कसा ते विचारू नका. मोटर उघडली तर आतलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं आणि बेअरिंगमध्ये रेती. पण तांब्याची वाइंडिंग आणि चुंबक ठीक होते. सगळं रॉकेलनं धुतलं, दोन दिवस उन्हात, ऊन निघालं तेव्हा, बेअरिंग नवीन, ग्रीस नवीन, झाकणाच्या कडेला आणि केबल शिरते तिथे सिलिकॉन. कंट्रोलर नवा १,४०० चा. जोडून पाय मारले आणि चाक फिरलं. हॉल सेन्सर तिन्ही जिवंत. यावेळी चौकात कोणाला बोलावलं नव्हतं. या किट विकणारे जे वॉटरप्रूफ म्हणतात ते पावसाच्या शिंतोड्यांपुरतं धरा, गुडघाभर पाण्यातून मी आता सायकल नेत नाही, खांद्यावर घेता येईल इतकी हलकी राहिली नाही म्हणून वळसा घालतो.

आता रोजचा हिशेब. असिस्ट दोनवर, पाय मारत, एका चार्जमध्ये ३५ ते ४० किलोमीटर, नुसत्या थ्रॉटलवर गेलो तर वीस-बावीस. मी दोन दिवसांतून एकदा चार्ज करतो, एका वेळी अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. वेग डिस्प्लेत २५ ला बांधून ठेवलाय. एकदा चौकात हवालदारसाहेबांनी थांबवलं, नंबर प्लेट कुठंय म्हणाले, मी रिफ्लेक्टर आणि मोटरवरचा २५० चा शिक्का दाखवला, त्यांनी वाकून तो वाचला आणि मग पंधरा मिनिटं त्यांच्या मुलीच्या सायकलला हे लागेल का यावर बोलणं झालं. मी त्यांना सांगितलं, आधी भोकं मोजून या.

काळी सायकल विकली नाही, ती भाजी आणायला आहे. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणतो बाबा, माझी आहे ती, मी आलो की परत द्यायची. दे म्हणलं, पण चिमटा आणि चाक काढून घेईन.

गेल्या महिन्यापासून पुलावर चढताना मोटरमधून बारीक घरघर येतीये, सपाट रस्त्यावर नाही, फक्त जोर पडला की. आत तीन नायलॉनचे गिअर असतात, बहुतेक त्यातल्या एखाद्याचे दात झिजायला लागलेत, नाहीतर पुराची रेती कुठेतरी राहिली असेल. दिवाळीच्या सुट्टीत उघडणार आहे. सर्कलिप (एक्सलवरची अडकवणारी कडी) काढायचा प्लायर कंपनीतून आणून ठेवलाय, हिनं तो फराळाच्या डब्यांच्या कपाटातून बाहेर काढला आणि विचारलं हे काय, मी म्हणलं चकलीचं काहीतरी आहे.